पाठमोरी बाई

माझी पाठ एका पुस्तकात छापलेली आहे. चेहरा नाही, नाव तर नाहीच, फक्त पाठ. हिरवं पातळ, कमरेला खोचलेला पदर, घाईत एका खांद्यावर गेलेली वेणी आणि गॅसच्या दिशेनं लांब केलेला हात. पुस्तक कन्नड आहे, लहान मुलांचं. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या कपाटांत ते असेल. ज्या शाळेत मी जन्मभर शिकवलं तिथल्या कपाटात तर नक्की आहे. त्यातली गोष्ट माझी आहे हे मी आजवर तीन माणसांना सांगितलं. एकानंच विश्वास ठेवला, आणि तो माझा नवरा असल्यामुळं ते धरण्यात अर्थ नाही.

चित्रं ज्यानं काढली त्याला मी त्या काळी अण्णा म्हणायची, आणि त्याच्याबद्दल बोलताना 'ते आले, ते म्हणाले' असं बोलायची. आता 'तो' म्हणते. एवढा हक्क मला आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. धारवाडच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी बाई होते. शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं आणि चित्रं रंगवून घ्यायची ठरली, तेव्हा हुबळीहून एक बोर्ड पेंटर आला. देशपांडे नगरात डॉक्टरांचे आणि वकिलांचे बोर्ड लिहिणं हा त्याचा धंदा, एका गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालायचं. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, चौथीत शाळा सोडलेला, बोलायला मोजका. मराठी बोललेलं त्याला अर्धमुर्धं कळायचं, वाचता मात्र येत नव्हतं. मी कागदावर काढून दिलेली अक्षरं त्यानं चित्र उतरवावं तशी भिंतीवर उतरवली, आणि ती माझ्याहून सुरेख आली. म्हशीचं चित्र काढताना तिच्या डोळ्यांत त्यानं असा काही वैताग भरला की पहिलीतली पोरं त्या भिंतीजवळून जाताना तिला 'सॉरी' म्हणायची. मी तिथंच ठरवलं, माझ्या गोष्टीला चित्रं काढतील तर हेच.

गोष्ट माझ्या डोक्यात दोन वर्षं घर करून होती. अमरगोळच्या मार्केट यार्डात एक हमाल मिरचीचं पोतं आपटतो आणि त्याला एक जबरदस्त शिंक येते. ती शिंक त्याच्यापाशी थांबत नाही. ती बैलाला लागते, बैलाची कलघटगीच्या बसच्या कंडक्टरला लागते, आणि शिंकता शिंकता त्याच्याकडून इतक्या वेळा घंटी वाजते की बस एकही माणूस न घेता निघून जाते. तिथून शिंक कोर्टात जाते, जजसाहेबांच्या नाकात शिरते. शेवटी एका शाळेत येते आणि सर्दी झालेल्या एका मुलीच्या नाकाशी येऊन अडकते. नाक बंद. आत जायला वाटच नाही. दमलेली शिंक मग तिथंच, त्या मुलीच्या वरच्या ओठावर, झोपून जाते.

कोर्ट त्यात आलं ते माझ्या नवऱ्यामुळं. तो कोर्टात क्लार्क होता आणि साहेबांची शिंक घरी येऊन करून दाखवायचा.

पेंटरला मी गोष्टीचे कागद दिले तर त्यानं ते उलटसुलट पाहून परत दिले. म्हणाला, "हेळ्री अक्कोरे." सांगा, बाई. आमच्याकडं शिकवणाऱ्या बाईला अक्कोरे म्हणतात. मग मी सांगायला बसले, आणि अर्थातच कन्नडमध्ये सांगितली, कारण त्याच्याशी दुसऱ्या कशात बोलणार? मी जन्मले, वाढले इथंच. भाजीवालीशी, गवळ्याशी, शेजारणीशी दिवसभर कन्नडच बोलते. लिहायचं म्हणजे मात्र मराठीत, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं.

त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं, महिन्यातले दोन रविवार, तो हुबळीहून बसनं आमच्याकडं येत असे. त्याची एक पद्धत होती आणि सुरुवातीला मला तिचा राग यायचा. चित्र एकच काढायचं असलं तरी त्याला गोष्ट पहिल्यापासून हवी. बैलाचा नुसता कान बदलायचा असला तरी, "हेळ्री अक्कोरे." डोळे मिटून, मांडी घालून ऐकायचा. मी त्याला म्हटलं, अण्णा, हमालाचं सगळं तुम्हाला पाठ आहे, तिथून कशाला? तर म्हणाला, शिंक कुठून आली ते कळल्याशिवाय कान कसा हलेल?

तो आला की मी चहासाठी दूध गॅसवर ठेवायची, बारीक आचेवर, आणि सांगायला बसायची. हमाल झाला, बैल झाला, बस निघून गेली, आणि जजसाहेबांनी निकाल द्यायला तोंड उघडलं, पेन वर धरलं, नाक फुगलं, की नेमकं त्याच वेळी दूध वर यायचं. "तडीरी, हालु उक्कतैति!" म्हणजे थांबा, दूध उतू जातंय, असं ओरडून मी उठायची. आठ वर्षांत हे किती वेळा झालं असेल देव जाणे. परत येऊन बसले की तो डोळे न उघडता विचारायचा, "शिंकले का साहेब?"

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "इतक्या वर्षांत आमच्या कोर्टात निकाल लागतो. तुमच्या शिंकेचा कधी लागायचा?"

पण मी सुखात होते. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यामुळं ती वर्षं वाईट होती असं कुणाला वाटायला नको. जजसाहेबांचं चित्र त्यानं अकरा वेळा काढलं. दहाव्याला मी म्हटलं, आता पुरे, छान आहे. त्यानं ते माझ्यासमोर फाडलं. अकराव्यात साहेबांची शिंक आलेली नव्हती, येणारही नव्हती, ती नुसती साहेबांना आठवत होती. ते चित्र पाहून मी आणि तो, दोन शहाणीसुरती माणसं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. वर्गात शिकवून, घरचं करून, वह्या तपासून जे उरायचं ते सगळं मी त्या रविवारांना दिलं आणि मला कधी कमी पडलं नाही.

याच काळात मी हस्तलिखित पुण्याला पाठवत होते. पहिल्या प्रकाशकानं लिहिलं, अमरगोळ वगैरे नावं आमच्या मुलांना कळणार नाहीत, ती काढा. मी काढली. अमरगोळची 'एक मोठी बाजारपेठ' झाली, कलघटगीची बस नुसती बस झाली. दुसऱ्यानं लिहिलं, भाषा जरा घरगुती वाटते. मी ती बाहेरगावची केली. दर वेळी पाकीट परत यायचं, दर वेळी मी बसून पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढायची.

त्या वर्षांत पेंटरनं मला दोनदा विचारलं होतं, अक्कोरे, हे कन्नडमध्ये केलं तर? दोन्ही वेळा मी हसले. म्हणाले, "कन्नड माझं बोलण्यापुरतं आहे अण्णा, पुस्तकाएवढं कुठलं?" मान हलवून त्यानं ब्रश धुतला.

तिसऱ्या प्रकाशकाचं पत्र आलं तेव्हा नवं शतक सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. पत्र मला तोंडपाठ आहे, पण थोडक्यात एवढंच की गोष्ट आवडली, पुस्तक काढू, मात्र चित्रं दुकानाच्या पाटीसारखी वाटतात, ती आमच्या चित्रकाराकडून नव्यानं करून घेऊ. कळवा.

चार दिवस ते पत्र मी पोळपाटाखाली ठेवलं. वयाची चाळिशी ओलांडलेली, एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा कुणी 'काढू' म्हणत होतं. पाचव्या दिवशी मी 'चित्रांसह घेणार असाल तरच' असं उत्तर टाकलं. पुन्हा पत्र आलं नाही. नवऱ्याला सांगितलं, पेंटरला नाही. त्याच्या चित्रांना दुकानाची पाटी म्हणाले, हे त्याच्या कानावर मी कशाला घालू? त्या रविवारी तो आला तेव्हा नेहमीसारखं दूध ठेवलं आणि नेहमीसारखी गोष्ट सांगितली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत हुबळीत फ्लेक्स आला. डॉक्टरांना, वकिलांना एका दिवसात फोटोसकट बोर्ड मिळायला लागले. पेंटरचं येणं कमी झालं, मग थांबलं. मी समजून घेतलं. माणसाच्या हातातलं काम गेल्यावर त्यानं माझ्या शिंकेमागं का फिरावं? चित्रांची वळकटी त्याच्याकडंच होती. असू दे म्हटलं, ज्याची त्याच्यापाशी.

मग एका जूनमध्ये शाळेत पुस्तकांचा गठ्ठा आला. मराठी शाळा असली तरी कन्नड शिकवावं लागतं, म्हणून वाचनासाठी कन्नड पुस्तकं अधूनमधून यायची. गठ्ठा सोडून नावं रजिस्टरमध्ये चढवायचं काम माझं. मी सुतळी कापली, वरची चार पुस्तकं बाजूला ठेवली आणि पाचव्यावरून अमरगोळचा हमाल माझ्याकडं बघून शिंकायच्या बेतात होता.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला, हे कबूल करते. वाटलं, अण्णांनी मला न सांगता गंमत केली. मी नाव शोधलं. मुखपृष्ठावर 'कथा आणि चित्रं' असं लिहून पुढं एकच नाव होतं, त्याचं. आतलं पान पाहिलं, मागचं पाहिलं, छापखान्याचं नाव असतं तिथंही पाहिलं.

मग तिथंच गठ्ठ्यापाशी खाली बसून वाचायला लागले. माझी गोष्ट होती, पण माझ्या कागदांवरची नव्हती. मी जशी तोंडानं सांगायची तशी, शब्द न् शब्द. हमाल पोत्याला घालतो ती शिवी, बैल शिंकल्यावर मी करायची तो आवाज, सगळं. जजसाहेबांनी तोंड उघडलं, पेन वर धरलं, नाक फुगलं. पान उलटलं तर गोष्ट थांबलेली. पानभर स्वयंपाकघर, वर आलेलं दूध आणि धावत निघालेली पाठमोरी बाई. वर मोठ्या अक्षरांत, "तडीरी, हालु उक्कतैति!" शिंक त्याच्या पुढच्या पानावर.

गॅसच्या मागच्या भिंतीवर आमची किल्ल्यांची खुंटीसुद्धा होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी हुबळीची बस धरली. पर्समध्ये ते पुस्तक आणि तिसऱ्या प्रकाशकाचं पत्र होतं. बसमध्ये मी काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं. आयुष्यात इतकी सुंदर भांडणं मी फक्त बसमध्येच केलेली आहेत.

तो शेडमध्ये स्टुलावर बसून एका देवळासाठी पत्र्यावर काहीतरी लिहीत होता. मला पाहून उठला, स्टूल पुढं केलं. मी बसले नाही. पुस्तक त्याच्यासमोर धरलं. त्यानं हात फडक्याला पुसले, फार वेळ पुसले.

"गोष्ट कुणाची, अण्णा?"

"तुम्ही सांगितलेली," तो म्हणाला. लगेच म्हणाला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"मग नाव?"

"पुस्तक काढणारे चित्रं बघून म्हणाले, गोष्ट पण लिहून द्या. मी रोज थोडी थोडी लिहिली. तुमच्या कागदावरून नाही अक्कोरे, कानातून लिहिली. मग विचारले, कुणी लिहिलं? लिहिली तर मीच होती." मग म्हणाला, "कन्नड पुस्तकाएवढं नाही म्हणून तुम्हीच बोलला होता की."

मला राग कशाचा आला ते सांगते. तो रडला नाही, पाया पडला नाही, याचा नाही. त्यानं जे म्हटलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, याचा आला. खऱ्याच वाक्यांचं कुंपण घालून माणूस आत बसला होता.

"तुम्हाला सोडलं नाही मी," तो म्हणाला. त्यानं पुस्तक घेऊन बरोबर ते पान उघडलं. "घातलंय की. हे बघा."

"पाठ घातलीत, अण्णा."

मी पर्समधलं पत्र काढलं. ते उघडून त्याच्यापुढं टाकावं आणि म्हणावं, वाच, तुझ्या चित्रांसाठी मी माझं पुस्तक सोडलं, असं मनात होतं. पण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. म्हणजे तेही मलाच सांगावं लागणार, कन्नडमध्ये, पहिल्यापासून. आणि तो डोळे मिटून ऐकणार. नाही म्हटलं. आता याला काही म्हणजे काहीही सांगायचं नाही. पत्र घडी करून परत ठेवलं आणि निघाले. मागून तो "अक्कोरे, चहा?" म्हणाला. या एका शब्दाचा मला अजून संताप येतो.

घरी येऊन ट्रंकेतलं हस्तलिखित काढलं. वाटलं होतं, दोन्ही शेजारी ठेवून नवऱ्याला दाखवीन, प्रकाशकाला लिहीन, जमलं तर वकिलालाही विचारीन. 'एका मोठ्या बाजारपेठेत एक कष्टाळू मजूर राहत असे,' इथून माझी गोष्ट सुरू होत होती. मी चार पानं वाचली. त्यात मिरची होती पण नाकाला काही होत नव्हतं. दूध नव्हतं, शिवी नव्हती, कलघटगी नव्हतं. पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी माझी गोष्ट मान खाली घालून बसली होती, आणि तिला तसं बसवणारी मीच होते. कुठल्या तोंडानं म्हणू की हेच ते?

त्यानं मला फसवलं. हे वाक्य मी खोडणार नाही. पण त्या संध्याकाळी ट्रंकेसमोर बसून मला कळलं की ती गोष्ट सगळ्यांत आधी टाकली होती ती मी. त्यानं ती उचलली. उचलून स्वतःच्या नावावर केली, हा त्याचा गुन्हा. माझ्या गुन्ह्यावर पांघरूण घालायला तो पुरत नाही.

शाळेतलं पुस्तक मी रजिस्टरात चढवलं आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या नकाशांखाली दाबून ठेवलं. तीन वर्षं. या काळात मी लिहिणं सोडलं असं कुणाला वाटेल. सोडलं नाही. एका वहीत डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर कन्नड, असं लिहायला लागले. कन्नड लिहिताना पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर यायची. मराठी पानंही त्यामुळं हळूहळू ढिली पडली, माणसात आली. वर्गात त्यातलं वाचून दाखवायची. पोरं हसायची तिथं खूण करायची, हसायची नाहीत ते खोडायची.

तोवर शाळा आटली होती. चौथीत अकरा मुलं. कन्नडचे सर रजेवर गेले आणि तो तास माझ्याकडं आला. अळणावरकडच्या एका खेड्यातून आलेली एक मुलगी होती, तिचे आई-वडील वीटभट्टीवर कामाला. घरी मराठी, भट्टीवर कन्नड, आणि दोन्हीत सारखीच वाद घालणारी. कपाट आवरायचं काम तिनं स्वतःहून घेतलं होतं. त्या दिवशी नकाशे झटकताना तिला ते पुस्तक सापडलं.

"बाई, हे वाचा."

दुसरं आण म्हटलं. तर अकराच्या अकरा ओरडायला लागली, हेच. मी वाचायला घेतलं. ठरवलं होतं कोरडं वाचायचं, धडा वाचतात तसं. हमालापर्यंत जमलं. बैलापाशी माझ्या तोंडून तो आवाज निघालाच. मग मी काही धरून ठेवलं नाही. जजसाहेबांनी तोंड उघडलं, पेन वर धरलं, नाक फुगलं, आणि मी पान उलटून ओरडले, "तडीरी, हालु उक्कतैति!" पोरं बाकांवरून पडायची बाकी होती. पुन्हा पुन्हा तेच पान वाचायला लावलं. शेवटी शिंक त्या मुलीच्या ओठावर झोपली तेव्हा पुढच्या बाकावरचा एक जण स्वतःच्या नाकाखाली हात लावून बघत होता.

तास संपला तशी ती मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. दुधाचं पान उघडलेलं.

"बाई, ही कोण?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"पण गोष्ट हीच सांगाल्ये नव्हं? म्हणून तर दूध आल्यावर गोष्ट थांबली." तिनं पुस्तक मिटून मुखपृष्ठ पाहिलं, बोटानं अक्षरं लावत नाव वाचलं. मग पुन्हा ते पान काढलं. "हे तर बाप्याचं नाव हाय. मग हिचं काय?"

तिला काय सांगणार होते मी? सगळं पहिल्यापासून? मी पेन उचललं आणि त्या बाईच्या पायांपाशी, फरशीवर, जिथं थोडी पांढरी जागा सुटली होती तिथं लिहायला लागले. मराठीत नाही. कन्नड अक्षरांत, माझं पूर्ण नाव. एवढ्या वर्षांत मी ते पगाराच्या रजिस्टरशिवाय कुठं लिहिलं नव्हतं.

ती मुलगी घाबरून दाराकडं बघायला लागली.

"बाई, शाळेच्या पुस्तकात लिहायचं नसतंय. तुम्हीच सांगितलाय."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि शेवटचं अक्षर पुरं केलं.